काचपेटीतील पाणी जिवंत राहावे म्हणून : खडी व पाणवनस्पती यांची निवड

शाळेच्या कार्यालयात किंवा घराच्या ओसरीवर काचेची पेटी मांडावी, तीत स्वच्छ पाणी भरावे, शहरातून आणलेले चार रंगीत मासे सोडावेत आणि पंधरा दिवसांच्या आत ते पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन, तोंडाची उघडमीट करीत, एकेक करून मरून जावेत, हा अनुभव अनेकांना आलेला असतो. अशा वेळी 'पाणी मानवले नाही' असे म्हणून पेटी अडगळीत टाकली जाते. हे म्हणणे खोटे नाही. मात्र पाणी का मानवले नाही, याचा शोध सहसा घेतला जात नाही. तो घेतल्यास असे आढळते की, दोष बहुधा माशांचाही नसतो आणि दैवाचाही नसतो. पेटीच्या तळाशी कोणती खडी घातली आणि तीत कोणत्या वनस्पती लावल्या, या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झालेले असते. मासे हे सर्वांत शेवटी आणावयाचे असतात. त्यांच्या आधी तळ सिद्ध व्हावा लागतो आणि तळानंतर हिरवळ. प्रस्तुत लेखात या दोहोंच्या निवडीचा विचार केला आहे.

एक जुना प्रयोग

बंद पाण्यात मासे व वनस्पती एकमेकांच्या आधाराने जगू शकतात, हे पद्धतशीर प्रयोगाने दाखवून देणाऱ्यांत लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. आपल्या प्रयोगाचा वृत्तांत त्यांनी १८५० मध्ये तेथील केमिकल सोसायटीपुढे मांडला. एका काचपात्रात त्यांनी तळाशी वाळू, माती व दगड घातले, दोन सोनमासे सोडले आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली. प्रारंभी प्रयोग बिघडला. वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ व हिरवट झाले. तेव्हा त्यांनी पात्रात तळ्यातील गोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पाने खाऊन टाकली आणि पाणी पुन्हा निवळले.

या प्रयोगातील व्हॅलिस्नेरिया ही वनस्पती आपल्याकडे परकी नाही. भारतातील तळी, कालवे व संथ नद्या यांत ती आढळते. अर्थात, काचपेटीतील पाणी जिवंत ठेवण्याचे साधन आपल्या गावाच्या परिसरातच उपलब्ध असते. ते ओळखता मात्र आले पाहिजे.

सोनकच्छची नदी व तिचा दगड

तळाच्या खडीचा विचार करण्यासाठी माळव्यातील सोनकच्छ या गावाचे उदाहरण उपयुक्त ठरेल. मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात, इंदूर-भोपाळ रस्त्यावर आणि कालीसिंध नदीच्या काठी हे तहसिलीचे गाव वसले आहे. विंध्याच्या डोंगराळ भागात, देवास जिल्ह्यातच उगम पावणारी ही नदी उत्तरेकडे वाहत जाऊन राजस्थानात चंबळेस मिळते. देवास, धार, इंदूर या परिसरात मराठी कुटुंबे अनेक पिढ्या नांदत आली आहेत. परंतु महाराष्ट्राचे व या भूमीचे नाते त्याहूनही पुरातन आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्हारसाच्या थरांनी दख्खनचे पठार घडले, त्याच थरांनी माळव्याचे पठारही घडविले. सह्याद्रीचा काळा पाषाण आणि सोनकच्छचा काळा पाषाण हे एकाच कुळातील आहेत. त्यामुळे सोनकच्छच्या नदीकाठी खडीची जी परीक्षा लागू पडते, तीच अहमदनगर म्हणून पूर्वी ओळखल्या जाणाऱ्या आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, साताऱ्यात किंवा बुलढाण्यातही लागू पडते.

अशा प्रदेशातील ओढ्यानाल्यांच्या पात्रातून मूठभर खडी उचलून ती ताटात पसरली, तर तीत साधारणपणे तीन प्रकारचे खडे दिसतात. काळे वा करडे, जड व घट्ट खडे हे मूळ काळ्या पाषाणाचे असतात. पांढरे, धुरकट किंवा तांबूस, काचेसारखी झाक असलेले कठीण खडे हे गारगोटीचे वा अकीकाचे असतात. लाव्हा थंड होताना त्यात राहिलेल्या पोकळ्यांत पुढे हे खनिज साचले. तिसरा प्रकार फसवा आहे. मळकट पांढरे, खडबडीत, वेडेवाकडे व तुलनेने हलके असे हे खडे चुनखडीचे असतात. काळ्या जमिनीत पाण्याबरोबर विरघळलेला चुना सुकत सुकत गाठींच्या रूपाने साठतो आणि पावसाळ्यात त्या गाठी वाहून नदीत येतात. विहीर खणताना किंवा नांगरट करताना शेतकऱ्यांच्या दृष्टीस त्या नेहमी पडतात.

पहिले दोन प्रकार पेटीसाठी उत्तम आहेत. तिसरा प्रकार मात्र पेटीत पडता कामा नये.

चुनखडी का नको

चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते आणि पाणी अधिकाधिक जड व क्षारयुक्त बनविते. माळव्यात आणि महाराष्ट्राच्या पठारी भागात विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी आधीच जड असते. त्यात चुन्याची भर पडली की अडचण दुणावते. माशांच्या श्वसनातून व विष्ठेतून तसेच उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होत असतो. अमोनियाचे जे रूप माशांना घातक असते, त्याचे प्रमाण पाण्याच्या क्षारतेबरोबर झपाट्याने वाढते. उदासीन पाण्यात, म्हणजे सामू सात असताना, जितका अमोनिया घातक रूपात असतो, त्याच्या सुमारे नऊ ते दहा पट तो सामू आठ झाल्यावर घातक रूपात येतो. माशांची संख्या तीच, खाद्य तेच आणि पाणीही दिसावयास तितकेच स्वच्छ. तरीही मासे मरतात, ते यामुळे.

याच कारणासाठी संगमरवराचे तुकडे, शंखशिंपले आणि चुनखडकाची खडी गोड्या पाण्याच्या पेटीत घालू नये. धार जिल्ह्यात बाघच्या परिसरात चुनखडकाचे थर उघडे पडलेले आहेत. तेथील दगड दिसावयास सुबक असला, तरी या कामासाठी तो टाळलाच पाहिजे.

खडीची निवड : क्रमवार कृती

१. खडी कोठून घ्यावी : नदीपात्रातून वाळू काढण्यासंबंधी शासनाचे नियम आहेत आणि पात्र उकरणे नदीच्या दृष्टीनेही हिताचे नाही. घराचे बांधकाम चालू असेल तेथे गवंडी वाळू चाळून घेतात आणि चाळणीवर राहिलेली भरड बाजूस टाकतात. ही भरडच पेटीसाठी योग्य असते. मालकास विचारून दोन घमेली आणल्यास काम भागते. नर्मदेच्या वाळूत गारगोटीचे कण विपुल असल्याने तिची भरड विशेष चांगली.

२. कणांचा आकार : ज्वारीच्या दाण्यापासून तुरीच्या दाण्यापर्यंत, म्हणजे साधारणतः दोन ते पाच मिलिमीटर आकाराचे खडे निवडावेत. त्याहून बारीक वाळू घट्ट बसते. तिच्यातून पाणी खेळत नाही, आतील थर काळा पडतो आणि हलविल्यास सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा वायू माशांना विषारी असतो. फार मोठ्या गोट्यांच्या फटींत खाद्य अडकून कुजते आणि वनस्पतींच्या मुळांना पकडही मिळत नाही.

३. काय टाळावे : मुरूम पाण्यात विरघळल्यासारखा फुटून गाळ करतो. क्रशरवरील कच धारदार असते, तिने माशांस इजा होते. बाजारातील भडक रंगाच्या खड्यांचा रंग कालांतराने पाण्यात उतरण्याचा संभव असतो. काळी माती पाण्यात फुगते आणि पेटी गढूळ करते. शेतकऱ्यास खताची आठवण होणे स्वाभाविक आहे; परंतु पेटीत शेणखत मुळीच घालू नये. माशांची विष्ठा हेच तेथील खत होय.

४. आम्लाची परीक्षा : खडी ताटात पसरून संशयित खड्यांवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकावे. बुडबुडे येऊन फसफसले, तर तो खडा चुन्याचा समजावा. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांनी स्वतः सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून पाहिल्यास परीक्षा अधिक खात्रीची होते. परीक्षेसाठी वापरलेले खडे पेटीत घालू नयेत.

५. धुणे : घमेल्यात थोडी थोडी खडी घेऊन, पाणी घालून, हाताने ढवळावी व गढूळ पाणी ओतून द्यावे. पाणी निवळ येईपर्यंत हे करावे. दहाबारा वेळाही करावे लागते. साबण अथवा धुण्याची पावडर वापरू नये. शेवटी उकळते पाणी ओतून खडी कडक उन्हात वाळवावी. त्यामुळे गोगलगाईंची अंडी व जळवा नाहीशा होतात.

६. प्रमाण : साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच अशी पेटी घरास किंवा शाळेस सोयीची असते. तीत मागील बाजूस सात व पुढील बाजूस तीन सेंटिमीटर जाडीचा उतरता थर द्यावा. यास सुमारे चौदा किलो खडी लागते. उतारामुळे केरकचरा पुढे येतो आणि नळीने काढून टाकता येतो. पाणी, खडी व काच मिळून वजन पासष्ट किलोंच्या आसपास जाते, म्हणून पेटीखालचे मेज भक्कम व समतल असावे.

खडीचे न दिसणारे कार्य

खडी ही केवळ शोभेसाठी असते, असा समज आहे. वस्तुतः प्रत्येक खड्यावर सूक्ष्म जीवाणूंचा लेप तयार होतो. त्यांतील एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात. नायट्राइटही माशांना घातकच असते. दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्रेट बनवितात. नायट्रेट हे तुलनेने निरुपद्रवी असून वनस्पती ते अन्न म्हणून शोषून घेतात. शेतातील जमिनीत जे कार्य चालते तेच येथे चालते.

ही व्यवस्था बसण्यास सुमारे चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या पंधरवड्यात मासे का मरतात, याचे दुसरे उत्तर येथे मिळते. तसेच दर आठवड्यास पेटी रिकामी करून खडी घासूनपुसून धुणे ही स्वच्छता नसून ते नुकसान आहे, हेही यावरून स्पष्ट होते. दर आठ-पंधरा दिवसांनी एकचतुर्थांश पाणी बदलावे आणि खडी जागेवरच राहू द्यावी.

वनस्पतींची निवड

पाणवनस्पती दिवसा प्रकाशात प्राणवायू सोडतात, नायट्रेट शोषतात, लहान माशांना आडोसा देतात आणि शेवाळाच्या वाट्याचे अन्न स्वतः घेऊन त्यास आवरतात. मात्र रात्री त्याही माशांप्रमाणेच प्राणवायू वापरतात. म्हणून पेटीत वनस्पतींची दाटी करणेही योग्य नव्हे. उन्हाळ्यात हे विशेष लक्षात ठेवावे. वीस अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशांस तो साडेसातपर्यंत उतरतो.

पठारी प्रदेशातील जड पाण्याचा विचार करता पुढील वनस्पती निवडणे इष्ट ठरते.

मागील रांगेसाठी व्हॅलिस्नेरिया सर्वांत चांगली. तिची पाने गवताच्या पात्यासारखी लांब व पट्टीदार असतात, जड पाणी तिला सोसते आणि जमिनीलगत धावणाऱ्या फुटव्यांनी ती आपोआप पसरते. तिच्या परागणाची रीत मोठी नवलाची आहे. मादीफूल लांब देठावर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येते. नरफुले तळाशीच सुटी होऊन वर येतात आणि तरंगत तरंगत मादीफुलाजवळ पोहोचतात. परागण झाले की, मादीफुलाचा देठ मळसूत्रासारखा गुंडाळला जातो व फळ पाण्याखाली ओढून घेतो.

हायड्रिला ही शाळेतील प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगामुळे परिचित आहे. ती झपाट्याने वाढते व नवी पेटी लवकर स्थिर करण्यास उपयोगी पडते. परंतु तिची छाटणी वरचेवर करावी लागते. जड पाण्यात तिच्या पानांवर चुन्याचा पांढरट थर धरतो. हा रोग नसून पाण्यात चुना अधिक असल्याची ती खूण आहे.

मधल्या भागासाठी बारीक, पिसासारख्या पानांची आंबुली व पुढील कडेस औषधी म्हणून माहीत असलेली नीरब्राह्मी लावता येते. नीरब्राह्मी सावकाश वाढते, तथापि दलदलीप्रमाणेच पाण्याखालीही तग धरते.

काही वनस्पती घेऊ नयेत. जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतील असून तिने आपल्या नद्या व तलाव यांचे काय केले, हे सर्वांस विदित आहे. दुसरीकडे, जी वनस्पती दुर्मिळ आहे ती तिच्या जागीच राहू द्यावी. साताऱ्याजवळील कासच्या पठारावर उगवणारा वायतुरा हा पाणथळीतील कंद याचे उदाहरण होय. हौसेखातर असे कंद उपटून आणणे हा निसर्गाचा अपराध आहे.

लागवडीची रीत

ओढ्यातून किंवा तळ्यातून आणलेल्या वनस्पतींबरोबर जळवा, गोगलगाईंची अंडी आणि चतुरांच्या अळ्याही येतात. या अळ्या माशांची पिल्ले खातात. म्हणून वनस्पती प्रथम स्वच्छ पाण्यात खळबळून घ्याव्यात, विहिरीत टाकतात त्या पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी द्रावणात दहा मिनिटे बुडवाव्यात, पुन्हा धुवाव्यात आणि आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवाव्यात. वॉरिंग्टन यांच्या गोगलगाई उपयोगी ठरल्या, हे खरे. पण गोगलगाई ठेवावयाच्याच असतील, तर त्या मोजून व पारखून ठेवाव्यात.

लावताना कुजकी पाने काढून टाकावीत. व्हॅलिस्नेरियाची मुळे खडीत जावीत, परंतु मुळे व पाने जेथे मिळतात तो गड्डा खडीच्या वर राहावा. तो पुरला गेल्यास रोप सडते. हायड्रिला व आंबुली यांच्या खोडाची खालची पाने काढून दोन-तीन पेरे खडीत खोचावेत. पाणी भरताना तळाशी बशी ठेवून तिच्यावर सावकाश धार सोडावी, म्हणजे खडी उखडत नाही. नळाचे पाणी असल्यास ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग वापरावे. त्यातील क्लोरीन तोवर उडून जातो.

पेटी पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीजवळ, परंतु दुपारचे ऊन थेट पडणार नाही अशी ठेवावी. दिवसाकाठी आठ ते दहा तास प्रकाश पुरेसा आहे. खोली अंधारी असल्यास एलईडीचा पांढरा दिवा चालतो. प्रकाश अधिक झाल्यास पाणी हिरवे होते; कमी पडल्यास पाने पिवळी पडून गळतात. दोन्ही खुणा वेळीच ओळखाव्यात.

मग मासे

लागवडीनंतर किमान दोन-तीन आठवडे, नवी पालवी दिसेपर्यंत, थांबावे. हा काळ मुलांना फार मोठा वाटतो. परंतु या प्रतीक्षेतच शिक्षण आहे. त्यानंतर प्रथम दोनच लहान मासे सोडावेत आणि सहा आठवडे उलटल्यावर संख्या हळूहळू आठपर्यंत न्यावी. भारतीय ओढ्यांतीलच असलेला पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा मासा चिवट व चपळ असतो. सोनमासा खडी उकरतो व रोपे उपटतो, म्हणून लागवडीच्या पेटीत तो टाळावा. खाद्य पाच मिनिटांत संपेल इतकेच घालावे.

पेटी मोडावयाची झाल्यास तीतील वनस्पती अथवा मासे नदीत, विहिरीत किंवा गावतळ्यात सोडू नयेत. पेटीत निरुपद्रवी वाटणारा परका जीव मोकळ्या पाण्यात गावाचे कायमचे संकट बनू शकतो. वनस्पती उन्हात पूर्ण वाळवून खतखड्ड्यात टाकाव्यात. मासे दुसऱ्या हौशी गृहस्थास किंवा शाळेस द्यावेत.

शिक्षकांसाठी दोन प्रयोग

पहिला प्रयोग : दोन सारख्या बाटल्यांत पावसाचे साठविलेले पाणी घ्यावे. एकीत ओंजळभर चुनखडी व दुसरीत तितकीच गारगोटीची खडी घालावी. आठ दिवसांनी दोहोंतील सारखे पाणी वेगळ्या बाटल्यांत गाळून, त्यात अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवावे. चुनखडीच्या पाण्यास फेस कमी येतो. पाणी जड होणे म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष दिसते.

दुसरा प्रयोग : हायड्रिलाची फांदी पाण्याने भरलेल्या चंचुपात्रात नरसाळ्याखाली ठेवून वर पाण्याने भरलेली परीक्षानळी उलटी बसवावी. उन्हात किती बुडबुडे येतात व सावलीत किती, हे मिनिटामिनिटाने मोजून वहीत नोंदवावे. माशांचा श्वास कोठून येतो, हे सांगण्यास मग वेगळ्या व्याख्यानाची गरज राहत नाही.

समारोप

काचेच्या पेटीत नदीचा एक लहानसा अंश आणून ठेवलेला असतो. नदी मोठी असल्याने तिच्यावर केलेले आघात ती बराच काळ सोसते आणि आपल्या ते ध्यानात येत नाही. पेटी लहान असल्याने ती पंधरा दिवसांतच उत्तर देते. तळ बिघडला, हिरवळ गेली, परके काही मिसळले की आधी पाणी आणि मागोमाग मासे जातात. कालीसिंधेच्या काठी असो वा कृष्णा-गोदावरीच्या काठी, हा नियम बदलत नाही. ज्या मुलाने मूठभर खडी पारखून, धुऊन, रोप लावून, सहा आठवडे धीर धरून आपल्या पेटीतील पाणी जिवंत ठेवले आहे, त्याला गावच्या ओढ्यात कचरा टाकू नये हे वेगळे सांगावे लागणार नाही.